‘सेफ ॲज हाउसेस’ : एका इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ आणि इतिहास

एखाद्या व्यवहारात, वस्तूत किंवा योजनेत धोका जवळजवळ नाही असे सांगावयाचे असेल, तर ब्रिटिश इंग्रजीत ‘ॲज सेफ ॲज हाउसेस’ असे म्हटले जाते. शब्दशः अर्थ ‘घरांइतके सुरक्षित’. इंग्लंडप्रमाणेच ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांतही हा वाक्प्रचार रूढ आहे. अमेरिकेत मात्र तो फारसा कानी पडत नाही. भारतातील इंग्रजी वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर, विशेषतः गृहकर्जे, बँका आणि ठेवी यांविषयीच्या मजकुरात, तो अधूनमधून भेटतो.

मराठी वाचकाला ही उपमा क्षणभर सहज पटते आणि लगेच खटकतेही. कारण घराविषयी आपल्या भाषेने जे सांगून ठेवले आहे त्याचा सूर वेगळा आहे. ‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ या म्हणीत घर हा निश्चिंतीचा नव्हे, तर कसोटीचा विषय आहे. ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ ही म्हण तर घराचा आधार किती बेभरवशाचा असू शकतो हेच सांगते. मग इंग्रजांनी सुरक्षिततेचे प्रमाण म्हणून घरच का निवडले, या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास रेल्वे, शेअर बाजार, बँका आणि भूकंपाचे नकाशे असा बराच मोठा प्रवास घडतो.

वापर कसा होतो

या वाक्प्रचारात ‘हाउस’ हा शब्द नेहमी अनेकवचनी येतो. ‘सेफ ॲज अ हाउस’ असे कोणी म्हणत नाही. तसे म्हटल्यास ते परक्या माणसाचे इंग्रजी म्हणून लगेच ओळखले जाते. पहिला ‘ॲज’ बोलण्यात बहुधा गाळला जातो. तुमची ठेव, तुमची नोकरी, मित्राकडे ठेवायला दिलेली कागदपत्रे, निवडणुकीतील एखादा हमखास मतदारसंघ, अशा अनेक गोष्टींविषयी तो वापरता येतो. मात्र तो बोलीचा वाक्प्रचार आहे. करारपत्रात, विमा पॉलिसीत किंवा न्यायालयाच्या निकालपत्रात तो शोधू नये. जाहिरातीत, गप्पांत आणि बातमीच्या मथळ्यात तो सापडेल.

जवळच्या अर्थाच्या इतर इंग्रजी शब्दांपासून तो वेगळा ओळखणे आवश्यक आहे. ‘हार्मलेस’ म्हणजे निरुपद्रवी. धामण बिनविषारी असल्याने तिला हार्मलेस म्हणता येईल, पण तिला सेफ ॲज हाउसेस म्हणणे हास्यास्पद ठरेल. कारण या वाक्प्रचारात काहीतरी सोपविलेले असणे अभिप्रेत आहे. आपण आपला पैसा, आपले गुपित किंवा आपले भवितव्य कोणाच्या तरी हवाली करतो आणि ते तेथे जसेच्या तसे राहील असा विश्वास बाळगतो. ‘सेफ बेट’ या शब्दप्रयोगात पैजेचा भाव आहे, म्हणजे अल्प का होईना, हरण्याची शक्यता तेथे मान्य केलेली असते. ‘गिल्ट-एज्ड’ हे विशेषण ब्रिटिश सरकारी रोख्यांसाठी रूढ झाले आणि सोनेरी कडांचा कागद ही त्यामागची कल्पना आहे. ‘ब्लू चिप’ हा शब्द पोकर या पत्त्यांच्या जुगारातील सर्वांत महागड्या निळ्या सोंगटीवरून आला. भरवशाच्या कंपनीच्या शेअरला जुगाराच्या फडावरील नाव मिळावे, यातला विनोद शेअर बाजारात वावरणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजीत ‘सेफ’ या शब्दाला ‘खात्रीचा’ अशीही छटा होती. एखादा घोडा शर्यत जिंकण्यास ‘सेफ’ आहे असे म्हणत, तेव्हा त्याच्या सुरक्षिततेशी काही संबंध नसे. तो जिंकणारच, एवढाच अर्थ असे. ‘घरांइतके सुरक्षित’ या शब्दांत ‘घरांइतके निश्चित’ हा अर्थही म्हणूनच मिसळलेला आहे. धोका नसणे आणि खात्री असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या वाक्प्रचाराने त्या एकत्र बांधल्या आणि पुढचा बराच गोंधळ तेथूनच सुरू झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

रेल्वेचा फुगा आणि घरांचा आसरा

हा वाक्प्रचार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये प्रचारात आला. त्याच्या उगमाविषयी सर्वाधिक सांगितली जाणारी उपपत्ती लंडनचे प्रकाशक आणि बोलीभाषेचे कोशकार जॉन कॅमडन हॉटन यांच्या नावाने ओळखली जाते. रेल्वे कंपन्यांच्या शेअरचा फुगा फुटू लागला तेव्हा पोळलेले गुंतवणूकदार पुन्हा घरांकडे वळले आणि त्यातून हा शब्दप्रयोग जन्मला, असे ही उपपत्ती सांगते. विसाव्या शतकात एरिक पार्ट्रिज यांनीही ती आपल्या कोशात नोंदविली. ती निर्विवाद सिद्ध झालेली नाही. दगडविटांचे घर भक्कम दिसते, एवढ्या साध्या कारणानेही उपमा रुजू शकते. तथापि काळ जुळतो, आणि त्या काळात इंग्लंडमध्ये जे घडले ते पाहता ही उपपत्ती अगदीच टाकाऊ वाटत नाही.

१८३० साली लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली आणि तिने भागधारकांना उत्तम लाभांश दिला. पुढील पंधरा वर्षांत रेल्वे म्हणजे सोन्याची खाण, असा समज मध्यमवर्गात पसरला. शेअरच्या किमतीचा सुमारे दहावा हिस्सा भरला की शेअर नावावर होत असे. उरलेली रक्कम कंपनी मागेल तेव्हा द्यावयाची, अशी पद्धत होती. त्यामुळे पाद्री, शिक्षक, विधवा आणि छोटे दुकानदार यांनीही ऐपतीबाहेर जाऊन शेअर घेतले. १८४६ या एका वर्षात ब्रिटिश संसदेने अडीचशेहून अधिक रेल्वे कायदे संमत केले. तोवर बाजार मात्र उतरू लागला होता. कंपन्यांनी उरलेल्या रकमेची मागणी सुरू केली, ती भरण्यासाठी लोकांनी असतील ते शेअर विकावयास काढले आणि भाव आणखी कोसळले. मंजूर झालेल्या मार्गांपैकी कितीतरी मार्ग कधीच बांधले गेले नाहीत. ‘रेल्वेचा राजा’ म्हणून मिरविलेल्या यॉर्कच्या जॉर्ज हडसन यांचे गैरव्यवहार १८४९ साली उघडकीस आले. कादंबरीकार ब्राँटी भगिनींचे पैसेही त्यांच्याच कंपनीत गुंतलेले होते.

अशा परिस्थितीत ज्याला भाडेकरू आहे, जे डोळ्यांना दिसते आणि जे एका रात्रीत कागदाचा कपटा होत नाही, असे घर सामान्य इंग्रज माणसाला आश्वासक वाटले असेल तर नवल नाही.

आता यातला भारताशी असलेला धागा पाहू. तो केवळ योगायोगाचा नाही. इंग्लंडमधील रेल्वेचे शेअर कोसळलेले असतानाच भारतात लोहमार्ग टाकण्यासाठी लंडनमध्ये भांडवल गोळा करणे चालू होते. हात पोळलेला गुंतवणूकदार सातासमुद्रापलीकडच्या रेल्वेत पैसे कशासाठी घालील? म्हणून १८४९ साली ईस्ट इंडिया कंपनीने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि ईस्ट इंडियन रेल्वे या कंपन्यांशी करार केले. जमीन विनामूल्य, आणि गुंतविलेल्या भांडवलावर वर्षाला ५ टक्के परताव्याची हमी. रेल्वेने तेवढे उत्पन्न मिळविले नाही तर तूट भारताच्या महसुलातून भरून द्यावयाची. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे धावलेली गाडी या हमीवर उभी होती. शाळेच्या पुस्तकात गाडीची तारीख असते, हमीची नसते.

लंडनच्या भागधारकासाठी ही गुंतवणूक खरोखर घरांइतकी सुरक्षित होती. परंतु धोका नाहीसा झाला नव्हता, तो जागा बदलून येथील शेतकऱ्याच्या सारापट्टीत येऊन बसला होता. भारत सरकारचे माजी वित्त सदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ साली ब्रिटिश संसदीय समितीपुढे दिलेली साक्ष प्रसिद्ध आहे. भागधारकाला ५ टक्के मिळणारच असल्याने त्याचा पैसा विटा-चुन्यात गेला काय किंवा हुगळी नदीत फेकला गेला काय, त्याला सारखेच, असा तिचा आशय होता. खर्चावर लक्ष ठेवण्याचे कोणालाच कारण उरले नव्हते. पुढे दादाभाई नौरोजी आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वर्तुळातील गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या अभ्यासकांनी भारताच्या अर्थकारणाची जी चिकित्सा केली, तीत रेल्वेच्या खर्चाचा हा भार महत्त्वाचा होता.

मुंबईने याच सुमारास स्वतःचा फुगाही पाहिला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, शहरात पैसा ओतला गेला आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीच्या शेअरसाठी झुंबड उडाली. जमिनीत गुंतविलेला पैसा बुडत नाही, हा विश्वास येथेही होता. फक्त ती जमीन अद्याप पाण्याखाली होती. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या बड्या व्यापाऱ्यासह असंख्य लोक बुडाले. जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली गुंडाळावी लागली.

घर म्हणजे पैसा

विसाव्या शतकात या वाक्प्रचाराचा रोख बदलला. घर हे राहण्याचे ठिकाण असण्याबरोबर सर्वसामान्य ब्रिटिश कुटुंबाची सर्वांत मोठी मालमत्ता झाले. १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने सरकारी घरांतील भाडेकरूंना ती घरे सवलतीने विकत घेण्याचा हक्क दिला आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इंग्लंडमधील सुमारे ७० टक्के कुटुंबे मालकीच्या घरात राहू लागली. घराची किंमत वाढतच जाते, हे गृहीतकच झाले. वास्तविक त्याला आधीच तडा गेला होता. १९८९ नंतर ब्रिटनमध्ये घरांच्या किमती घसरल्या, दहा लाखांहून अधिक कुटुंबांची घरे त्यांच्यावरील कर्जापेक्षा स्वस्त झाली आणि १९९१ या एकाच वर्षात पंचाहत्तर हजारांहून अधिक घरे कर्ज देणाऱ्या संस्थांनी ताब्यात घेतली. पण किमती पुन्हा चढू लागल्या आणि लोक ते विसरले.

घरे सुरक्षित ही समजूत केवळ लोकांची नव्हती, बँकांच्या नियमांतही ती उतरली होती. १९८८ च्या बाझेल करारानुसार बँकेला आपल्या कर्जांच्या जोखमीप्रमाणे स्वतःचे भांडवल बाजूला ठेवावे लागे. खासगी उद्योगाला दिलेल्या कर्जाचा जोखीमभार १०० टक्के धरला गेला, तर राहत्या घराच्या तारणावरील कर्जाचा निम्मा, म्हणजे ५० टक्के. दुसऱ्या बाझेल करारात तो आणखी उतरून ३५ टक्के झाला. घरासाठी कर्ज देणे बँकेला स्वस्त पडू लागले आणि साहजिकच ती ते अधिक देऊ लागली. सुरक्षित समजल्यामुळेच एखादी गोष्ट असुरक्षित कशी होत जाते, याचे हे शुद्ध उदाहरण आहे.

१३ सप्टेंबर २००७ च्या रात्री बीबीसीने बातमी दिली की नॉर्दर्न रॉक या बँकेने बँक ऑफ इंग्लंडकडे तातडीची मदत मागितली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या शाखांसमोर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. १८६६ साली ओव्हरेंड-गर्नी ही पेढी बुडाली त्यानंतर ब्रिटनमध्ये ठेवीदारांची अशी धाव प्रथमच दिसली. पहिल्याच दिवशी सुमारे १ अब्ज पौंड काढले गेले.

नॉर्दर्न रॉकचा धंदा घरांचाच होता. न्यूकॅसल परिसरातील दोन जुन्या गृहवित्त संस्थांच्या विलीनीकरणातून १९६५ साली ती उभी राहिली. अशा संस्था सभासदांच्या मालकीच्या असत, आपल्याकडील सहकारी पतसंस्थांशी त्यांचे नाते लावता येईल. १९९७ साली तिचे रूपांतर भागधारकांच्या बँकेत झाले आणि जुन्या सभासदांना शेअर मिळाले. त्यानंतर ती झपाट्याने वाढली. ‘टुगेदर’ या नावाच्या तिच्या योजनेत घराच्या किमतीच्या १२५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळे. त्यातील काही भाग तारणावर आणि काही विनातारण. इतकी कर्जे देण्यास ठेवी पुरत नव्हत्या, म्हणून बहुतांश पैसा ती बाजारातून अल्पमुदतीने उचलत असे. ऑगस्ट २००७ मध्ये अमेरिकेतील गृहकर्जांच्या भीतीने हा बाजार गोठला आणि तिचा श्वास कोंडला. तिने दिलेली कर्जे त्या क्षणी बुडालेली नव्हती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. घरे जागच्या जागी होती. त्यांच्या आधारे उसना आणलेला पैसा तेवढा थांबला होता.

रांगेत उभ्या राहिलेल्या लोकांना त्या वेळी अनेकांनी घाबरट ठरविले. ते अन्यायाचे होते. तेव्हाच्या ठेव-हमी योजनेत पहिल्या २,००० पौंडांनाच पूर्ण संरक्षण होते आणि त्यापुढील ३३,००० पौंडांना ९० टक्के. ज्याची आयुष्यभराची बचत तेथे होती, त्याने गणित करून रांगेत उभे राहणे यात वेडेपणा कोणता? १७ सप्टेंबर रोजी अर्थमंत्री अ‍ॅलिस्टर डार्लिंग यांनी सर्व ठेवींना सरकारी हमी दिली तेव्हा रांगा ओसरल्या. फेब्रुवारी २००८ मध्ये बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. ठेवीदारांचा पैसा वाचला. भागधारकांना भरपाई म्हणून काहीही मिळाले नाही, आणि त्यांत १९९७ साली शेअर मिळालेले जुने छोटे सभासदही होते.

अमेरिकेत ‘घरांइतके सुरक्षित’ हा वाक्प्रचार नसला तरी त्याच अर्थाची तीन अक्षरे होती : ‘ट्रिपल ए’. हजारो गृहकर्जांची मोट बांधून रोखे काढावयाचे आणि पतमापन संस्थेने त्यांना सर्वोच्च श्रेणी द्यावयाची, असा हा कारखाना होता. अमेरिकी संसदेने नेमलेल्या वित्तीय संकट चौकशी आयोगाच्या २०११ च्या अहवालानुसार मूडीज या संस्थेने २००० ते २००७ या काळात गृहकर्जांशी निगडित सुमारे ४५ हजार रोख्यांना ही श्रेणी दिली. २००६ साली ती मिळालेल्या रोख्यांपैकी ८३ टक्के रोख्यांची श्रेणी पुढे उतरवावी लागली.

भारतात या वादळाची झळ तुलनेने कमी लागली. त्याचे एक कारण असे की रिझर्व्ह बँकेने २००४ च्या अखेरीस, म्हणजे घरांची बाजारपेठ तेजीत असताना, गृहकर्जांचा जोखीमभार ५० वरून ७५ टक्क्यांवर नेला होता. तेव्हा गव्हर्नर वाय. व्ही. रेड्डी यांच्यावर अतिसावधपणाची टीका झाली. पुढे तीच सावधगिरी कौतुकाचा विषय झाली.

आपल्याकडील ठेवीदारालाही मात्र हा प्रश्न चुकलेला नाही. १९६० साली केरळमधील पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बंद पडल्यानंतर ठेवविम्याचा कायदा आला आणि १९६२ पासून तो अमलात आला. विम्याची मर्यादा १९९३ साली १ लाख रुपये झाली आणि तब्बल सत्तावीस वर्षे तेथेच राहिली. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीस केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक कर्जे एकाच गृहबांधणी समूहाकडे गेली होती, असे उघडकीस आले. मुंबईतील या ठेवीदारांत निवृत्तिवेतनावर जगणारे लोक मोठ्या संख्येने होते. फेब्रुवारी २०२० मध्ये विम्याची मर्यादा ५ लाख रुपये करण्यात आली. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली.

विटा, दगड आणि माती

येथवर घर म्हणजे मालमत्ता हा अर्थ पाहिला. परंतु उपमेचा पाया भिंती आणि छप्पर हा आहे, आणि महाराष्ट्रात हा पायाच एकदा हादरला आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेश विसर्जन करून लोक रात्री उशिरा झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे काही क्षणांत ढिगाऱ्याखाली गेली. मृतांची संख्या वेगवेगळ्या नोंदींत सुमारे आठ हजार ते दहा हजार अशी आढळते. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास मोजली गेली. जगात या तीव्रतेचे भूकंप दरवर्षी अनेक होतात आणि त्यांत इतकी माणसे क्वचितच मरतात.

माणसे दगावली ती घरांमुळे. त्या भागातील जुन्या वाड्यांच्या भिंती ओबडधोबड दगड चिखलात रचून दोन-तीन फूट, कोठे त्याहूनही जाड, बांधलेल्या असत. वर लाकडी तुळयांवर मातीचे माळवद. पाऊस झिरपू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत जात. उन्हाळ्यात गारवा देणारे आणि चोरापासून राखणारे हे घर गावात भक्कमपणाचा आणि प्रतिष्ठेचा दाखला मानले जाई. जमीन हलली तेव्हा दगड एकमेकांपासून सुटले आणि माळवदाचा सारा भार झोपलेल्या माणसांवर आला. ज्यांच्याजवळ वाडा बांधण्याइतका पैसा नव्हता, ज्यांचे छप्पर गवताचे किंवा हलके होते, त्यांच्यापैकी अनेक जण वाचले.

नकाशाचा इतिहासही तितकाच बोलका आहे. भारतीय मानक संस्थेने १९६२ साली भूकंपप्रवण क्षेत्रांचा जो पहिला अधिकृत नकाशा केला, त्यात एक क्षेत्र चक्क ‘शून्य’ क्रमांकाचे होते. दख्खनचे पठार प्राचीन आणि स्थिर मानले जाई. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला आणि १९७० च्या सुधारित नकाशातून शून्य हे क्षेत्रच नाहीसे झाले. धोका शून्य आहे असे म्हणणे शास्त्राला धरून नाही, हे मान्य करावे लागले. त्यानंतर सर्वांत कमी धोक्याचे क्षेत्र ठरले ते क्रमांक एकचे. किल्लारी याच पहिल्या क्षेत्रात मोडत होते. २००२ साली नकाशा पुन्हा बदलला आणि पहिले क्षेत्रही रद्द होऊन दुसऱ्यात विलीन झाले. किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. अल्प धोक्याचा निदर्शक असलेला शब्द प्रत्येक भूकंपानंतर एकेक पायरी वर सरकत गेला. नकाशा करणारे बेजबाबदार होते असा याचा अर्थ नाही. नोंदलेल्या भूकंपांवरूनच ते रेषा आखत होते, आणि ज्या जागी मोजकेच भूकंप नोंदले गेले होते ती जागा त्यांना शांत दिसत होती.

भूकंपाविनाही घरे पडतात. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा येथे बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ जणांचा मृत्यू झाला. त्यांत बांधकामावरील मजूर आणि त्यांच्या मुलांचा समावेश होता. लंडनमध्ये १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली निवासी इमारतीस आग लागून ७२ जणांचा बळी गेला. बाहेरून बसविलेल्या ज्वलनशील आच्छादनाने ती आग पसरली. तसेच आच्छादन असलेल्या इतर इमारतींतील सदनिका त्यानंतर विकल्या जाईनात. बँका त्यांच्या तारणावर कर्ज देईनात. ‘घरांइतके सुरक्षित’ या उपमेतील दोन्ही अर्थ, भिंतीचा आणि पैशाचा, त्या सदनिकांत एकाच वेळी कोलमडले.

मराठीत काय म्हणावे

अनुवादकांसाठी थोडे. ‘घरांइतके सुरक्षित’ हे शब्दशः भाषांतर मराठीत अर्थ पोहोचवीत नाही. इंग्रजी मूळ माहीत असलेल्यालाच ते समजते. धोका नसल्याचा अर्थ मुख्य असेल तेथे ‘निर्धोक’ किंवा ‘बिनधोक’ हे शब्द चांगले चालतात. सोपविलेल्या वस्तूविषयी आश्वासन असेल तर ‘बिनघोर राहा’ किंवा ‘निर्धास्त असा’ असे क्रियापदासह सांगणे मराठीच्या वळणाला अधिक जुळते. इंग्रजी वाक्यात विशेषण वस्तूला लागते, मराठीत बहुधा माणसाच्या मनःस्थितीला. खात्रीची छटा प्रबळ असेल तेथे ‘काळ्या दगडावरची रेघ’ जवळची आहे, परंतु ती वचनाला आणि भाकिताला शोभते, बँकेतील ठेवीला नव्हे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांनी एक फरक विशेष लक्षात ठेवावा. हिंदीतील ‘धोखा’ म्हणजे फसवणूक. मराठीतील ‘धोका’ म्हणजे संकटाची शक्यता. इंदूर किंवा हैदराबाद येथील दुभाषी घरांत दोन्ही अर्थ एकाच दिवसात कानी पडतात. गुंतवणुकीच्या जाहिरातीत ‘धोका नाही’ असे वाचले की कोणत्या भाषेतला धोका नाही, असा प्रश्न पडण्यास जागा असते. ‘जोखीम’ या शब्दाचाही जुना व्यापारी अर्थ असाच रोचक आहे. प्रवासात जवळ असलेले दागिने किंवा रोकड यांनाच ‘जोखीम’ म्हणत. ‘माझ्याजवळ जोखीम आहे’ असे सांगणारा माणूस संकटाविषयी नव्हे, तर पिशवीतील मौल्यवान ऐवजाविषयी बोलत असे.

ब्रिटनमध्ये गृहकर्जाच्या जाहिरातींत गेली अनेक वर्षे एक ठराविक इशारा छापलेला दिसतो. हप्ते वेळेवर न भरल्यास आपले घर ताब्यात घेतले जाऊ शकते, असा त्याचा आशय असतो. आपल्याकडे म्युच्युअल फंडांच्या जाहिरातीअखेर बाजारातील जोखमीविषयीचे वाक्य घाईघाईने वाचून दाखवितात, त्याच जातीचा हा मजकूर आहे. त्याच वृत्तपत्राच्या त्याच पानावर, मथळ्यात, ‘सेफ ॲज हाउसेस’ हे शब्दही सुखेनैव नांदतात. अलीकडे त्यांच्यापुढे बहुधा प्रश्नचिन्ह असते.